तिसरा फटका

त्याने मला सात वेळा मारलं आणि मी त्याला तीन वेळा. त्याच्या हातात कपडे वाळत घालायचा स्टीलचा दांडा होता, माझ्या हातात कुकर. सात आणि तीन हे आकडे ऐकले की ऐकणारा लगेच माझ्या बाजूचा होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्याच्या सातांपैकी पाच माझ्या हातांवर आणि खांद्यांवर बसले, कारण मी हात वर धरले होते. माझा तिसरा त्याच्या डोक्यावर बसला, आणि तेव्हा तो खाली बसलेला होता.

हे ओसाकामध्ये घडलं, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास. तो माझा शेजारी होता. मी चव्वेचाळीस वर्षांचा विद्यार्थी होतो.

त्याआधी अठरा वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम केलं. बेअरिंगची कडी हातात घ्यायची, मोजायची, बसते की नाही ते सांगायचं. मग शिष्यवृत्ती मिळाली, कंपनीने दोन वर्षांची रजा दिली, आणि बायको आणि मुलीला चिंचवडला ठेवून मी एम.एस.साठी इथे आलो. वर्गातली मुलं तेवीस-चोवीस वर्षांची. मला बसायला जागा देत, पण जेवायला बोलवत नसत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बोलावलं नसतं.

पहिल्या दोन महिन्यांत मी केलेल्या चुका वहीत लिहून ठेवल्या होत्या. अकरा भरल्या. प्लास्टिकचा कचरा जळाऊ कचऱ्याच्या दिवशी ठेवला. सायकल अशा जागी लावली की ती उचलून नेली. संडासातल्या चपला घालून प्राध्यापकांच्या घरातल्या चटईवर चाललो. ट्रेनमध्ये बायकोचा फोन घेतला आणि पूर्ण डब्यात भाजीचे भाव ऐकू गेले. या अकरांपैकी एकही चूक कोणी तोंडावर सांगितली नाही. एक तर चिठ्ठी यायची, किंवा नुसतीच शांतता. कारखान्यात माल नापास झाला की आम्ही लाल रंगाचा पट्टा मारायचो. इथे पट्टा कधी मारला गेला तेच कळत नव्हतं.

बारावी चूक मात्र वहीत आली नाही. ती चूक आहे हे मी मानलंच नव्हतं.

माझी खोली एका जुन्या, दोन मजली लाकडी इमारतीत होती. खाली चार खोल्या, वर चार. मी वर, जिन्यापासून तिसरा. दोन खोल्यांमधली भिंत मी दाराच्या चौकटीपाशी मोजली होती. अकरा सेंटिमीटर, तीही आतून पोकळ. उजवीकडे एक आजी राहत. डावीकडे तो.

नवीन घरात राहायला गेलं की शेजाऱ्यांना छोटीशी भेट देऊन नमस्कार करायचा, अशी इथली रीत. विद्यापीठाच्या कार्यालयातल्या बाईंनी ती समजावून सांगितली होती. मी चार टॉवेल घेतले, कागदात बांधून. आजींनी दोन्ही हातांनी घेतला. खालच्या दोघांनीही घेतला. डावीकडचं दार मात्र उघडलं नाही. मंगळवारी दुपारी बेल वाजवली, बुधवारी दुपारी, मग शनिवारी सकाळी. आत कोणीतरी आहे असं वाटत होतं, कारण विजेचा मीटर फिरत होता. तीनदा प्रयत्न करून मी टॉवेल कपाटात ठेवला. तीनदा म्हणजे पुरेसं, असं माझं मत होतं.

सकाळी साडेसातला मी कुकर लावत असे. तीन लिटरचा अॅल्युमिनियमचा कुकर चिंचवडहून बॅगेत आणला होता. एका डब्यात भात, एकात तुरीची डाळ, चार शिट्ट्या. अर्धं सकाळी खायचं, अर्धं डब्यात. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी तिसऱ्या शिट्टीनंतर डावीकडच्या भिंतीवर धप्प आवाज झाला. मला वाटलं, खिळा ठोकतोय. दुसऱ्या दिवशी प्रत्येक शिट्टीला एक धक्का. चार शिट्ट्या, चार धक्के. तिसऱ्या दिवशी आवाज खालून आला, म्हणजे तो लाथ मारत होता. भिंतीवर टांगलेलं माझं कॅलेंडर प्रत्येक लाथेला उडायचं.

तो रस्त्यांच्या कामांवर रात्रपाळीचा पहारेकरी होता आणि सकाळी सातला घरी यायचा. हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा मला फक्त भिंतीतून येणारी लाथ माहीत होती.

इथे मला एकच माणूस जवळचं होतं. विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या, डोंबिवलीच्या एक बाई. वयाने माझ्याएवढ्याच, पण जपानमध्ये बारा वर्षं काढलेल्या. मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्या मला दादा. नोव्हेंबरमध्ये आठही टपालपेट्यांत इमारत सांभाळणाऱ्या कंपनीची एक चिठ्ठी आली. ती मी ताईंना दाखवली. सकाळच्या वेळी दैनंदिन आवाजाबाबत सर्व रहिवाशांनी कृपया काळजी घ्यावी, असा मजकूर होता.

"हे तुमच्यासाठी आहे," त्या म्हणाल्या.

"यात सर्व रहिवाशांनी लिहिलंय."

"दादा, इथे सगळ्यांना लिहितात तेव्हा ते एकालाच लिहिलेलं असतं."

"माझा आवाज मर्यादेत आहे. मी मोजलाय."

"मोजलाय?"

मी फोनवरच्या मोजमापाने शिट्टी मोजली होती. एक शिट्टी सरासरी सहा सेकंद, म्हणजे दिवसाला चोवीस सेकंद. समोरच्या रेल्वे फाटकाची घंटा एका गाडीला पन्नास सेकंद वाजायची. कावळे वेगळे. मी तक्ता करून ताईंना दिला. त्यांनी तो पाहिला आणि घडी घालून परत दिला.

"चोवीस सेकंद झोपमोड झाली की माणूस चोवीस सेकंदच जागा राहतो का?"

मी ती घडी खिशात घातली आणि विषय बदलला. पण तक्ता बरोबर होता, आणि बरोबर असलेल्या माणसाला पडतं घ्यायला फार जड जातं. बायको फोनवर म्हणाली, "अहो, तीन शिट्ट्यांवर होतं वरण. चौथी कशाला? तुमच्या हट्टाला?" मी म्हणालो, इथली डाळ जुनी आहे. डाळ जुनी होतीच. पण भिजवून ठेवली असती तर दोन शिट्ट्यांतही झाली असती.

डिसेंबरमध्ये एकदा माझी कचऱ्याची पिशवी फाडलेल्या अवस्थेत दारात पडलेली मिळाली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, सगळं पायरीवर. त्याने फाडली असं मी धरून चाललो. मी पाहिलं नव्हतं. कावळ्यांनी फाडून आजींनी ती उचलून ठेवली असणंही शक्य होतं. पण त्या दिवसापासून मला भिंत दिसेनाशी झाली, तो दिसायला लागला. मी न पाहिलेला माणूस. मी त्याला मनात उंच आणि रुंद केलं होतं. कांदा चिरताना माझी सुरी पाटावर जरुरीपेक्षा जोरात आपटायला लागली. धक्का बसला की माझी मूठ आपोआप वळायची. एकदा मीही भिंतीवर लाथ मारली, आणि अंगठा आठ दिवस काळा होता. मी धक्क्याची वाट बघायला लागलो. एखाद्या दिवशी तो आला नाही तर जेवण गोड लागत नसे.

जानेवारीतल्या एका सकाळी चार शिट्ट्या झाल्या, चार धक्के झाले. डाळ शिजली होती. मी गॅस बंद करायला हात नेला आणि मागे घेतला. पाचवी शिट्टी मी मुद्दाम होऊ दिली. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला त्या शांततेचा इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या हसलो.

हे मी त्या वेळी कोणालाच सांगितलं नाही.

शेवटी फेब्रुवारीत मी ठरवलं की माणूस समोर आणून विषय संपवायचा. कारखान्यात दोन विभागांचं भांडण झालं की आम्ही नमुना टेबलावर ठेवून बोलायचो. मी तेच केलं. तक्ता जपानीत लिहून घेतला. कुकर घासूनपुसून, झाकण लावून, मुठीला धरून नेला. आवाज कशातून येतो हे त्याला दिसलं तर त्याला पटेल, असा माझा विचार होता. रविवारी साडेआठला मी त्याची बेल वाजवली. लगेच उघडलं नाही म्हणून पुन्हा वाजवली.

दार उघडलं. तो माझ्या खांद्याला लागेल एवढा होता. पन्नाशी उलटलेला, एका बाजूचे केस चपटे झालेले, डोळे तांबारलेले. अंगात जाकीट, खाली पहाऱ्याच्या गणवेशाची पँट. आधी त्याने कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तक्ता पुढे केला. त्याने घेतला नाही. माझं जपानी तिथेच संपलं. मग मी कुकर वर धरला, शिट्टीवर बोट ठेवलं, आणि आवाज म्हणजे हा, हे दाखवायला तोंडाने शिट्टीचा आवाज काढला. चांगला लांब, सहा सेकंदांचा.

त्याने दार लावलं. मी वळलो होतो, तेवढ्यात ते पुन्हा उघडलं आणि तो दांडा घेऊन बाहेर आला.

पहिला फटका डाव्या हाताच्या नळीवर बसला. दुसराही तिथेच, बोटभर खाली, आणि आतून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तिसरा उजव्या खांद्यावर. चौथ्याने भुवई फाटली आणि डाव्या डोळ्यात रक्त आलं. अंगात लोकरीचं बनियन आणि जाड स्वेटर होता, म्हणून पाचवा आणि सहावा खांद्यावर आणि दंडावर बसले तरी हाड वाचलं. सातवा मांडीवर. एक फटका कठड्यावर बसला, तो मी मोजत नाही. तो काही बोलत नव्हता. दात आवळून, प्रत्येक फटक्याबरोबर नाकातून श्वास सोडत मारत होता. रक्ताला वास असतो हे मला तेव्हा आठवलं.

माझ्या उजव्या हातात कुकर होताच. झाकणासकट सव्वादोन किलो. पहिला मी त्याच्या दांडा धरलेल्या हातावर मारला. बोटं सुटली, दांडा जिन्यावरून प्रत्येक पायरीवर वाजत खाली गेला. दुसरा जबड्यावर. त्याचा पुढचा एक दात माझ्या स्वेटरला येऊन लागला आणि खाली पडला. तो भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि दोन्ही तळहात डोक्यावर धरले.

इथे सगळं संपलं होतं. दांडा खाली होता, तो बसला होता, मी उभा होतो. तरी मी तिसरा मारला. वरून खाली, त्याच्या हातांमधून. त्याच्या डोक्याला नऊ टाके पडले.

उजवीकडच्या आजी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात फोन होता. सायकलवरून दोन पोलीस आले. मी कुकर खाली ठेवला. त्याच्या तळाला मोठा पोचा आला होता.

शाळेत आमचे गणिताचे मास्तर छड्या मारताना मोजायला आम्हालाच लावत. हाताने छडी घ्यायची आणि तोंडाने आकडा म्हणायचा. चुकला की पहिल्यापासून. म्हणून मला मिळालेले फटके मी आयुष्यभर बरोबर मोजले.

हाताला प्लास्टर घालून त्याच दुपारी मला ठाण्यात नेलं. मराठीचा दुभाषा नव्हता, हिंदीच्या एक बाई फोनवर होत्या. इथे जबाब लिहिण्याची रीत वेगळी आहे. पोलीस प्रश्न विचारतो आणि मग स्वतःच्याच शब्दांत, पण जबाब देणारा बोलतोय असं समजून, 'मी' असं लिहितो. मी उठलो, मी गेलो, मला राग आला. मग ते वाचून दाखवतात आणि खाली अंगठा घेतात. मला मारणाऱ्याने मला कसं मारलं हे त्या अधिकाऱ्याने सात ओळींत लिहिलं. माझ्या मारण्याची एकच ओळ होती. घाबरून, स्वतःला वाचवताना, मी हातातल्या भांड्याने त्याला काही वेळा मारलं.

"याआधी कोणाला मारलं आहे?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मग जरा थांबून सांगितलं, "एकदा. मुलीला. ती नऊ वर्षांची होती. एक थप्पड."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. ते लिहायची गरज नाही असं तो म्हणाला.

'काही वेळा' हा आकडा नाही, हे मला तिथेच टोचलं. पण हात ठणकत होता आणि डोळा सुजून बंद झाला होता. मी अंगठा दिला. त्यांनी घरी सोडलं आणि बुधवारी पुन्हा बोलावलं.

बाहेर बाकावर ताई बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, तिसऱ्यासकट.

"तो तिसरा जबाबात आहे का?"

"नाही. काही वेळा असं आहे."

"मग राहू द्या तसंच. दादा, ऐका. पहिले दोन स्वतःला वाचवण्यासाठी, हे कोणालाही कळतं. तिसरा म्हणजे तुम्ही मारहाण केलीत. उन्हाळ्यात तुमच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण आहे. गुन्हा लागला तर परवाना नाही, शिष्यवृत्ती नाही, पदवी नाही. चव्वेचाळीसाव्या वर्षी रिकाम्या हाताने चाकणला जाऊन काय सांगणार? कुकरने माणूस फोडला?"

"आजींनी पाहिलंय."

"आजी काय सांगतील ते आजींचं. तुम्ही स्वतःहून दोरी घेऊन जाऊ नका."

घरी येऊन बायकोला फोन केला. तिने आधी प्लास्टर दाखवायला लावलं, मग भुवई. मग ती रडली आणि मग चिडली.

"त्याने आधी मारलं ना? मग झालं तर."

"तिसरा मी तो बसल्यावर मारला."

"रागात झालं असेल."

"रागातच झालं."

"मग कशाला सांगताय? तुम्ही काय रोज मारामाऱ्या करता? आयुष्यात कोणावर हात उचलला नाही तुम्ही."

"एकदा उचललाय. ते पोलिसांना सांगितलं मी. मायक्रोमीटरच्या वेळी."

मुलगी नऊ वर्षांची असताना तिने माझं मायक्रोमीटर, जाडी मोजायचं उपकरण, गॅलरीतून खाली टाकलं होतं. खाली पडून ते कसं दिसतं ते तिला बघायचं होतं. आता ती सतरा वर्षांची आहे आणि अभ्यासाच्या नावाखाली फोनजवळच बसलेली असते.

तिचा आवाज मागून आला, वर न बघता, पान उलटताना यावा तसा. "दोन होत्या."

"काय?" मी विचारलं.

"थपडा. दोन होत्या. बाबा नेहमी एकच सांगतात."

"एकच होती ग," बायको म्हणाली.

"तू किचनमध्ये होतीस, आई."

मी आठवून पाहिलं. गॅलरीचं दार, तिचा पिवळा फ्रॉक, माझ्या तळहाताची आग, सगळं आठवलं. एक थप्पड आठवली. दुसरी शोधली, सापडली नाही. आठ वर्षं मी एक असं सांगत आलो होतो. पाहुण्यांना, एकदा तिच्या शाळेच्या बाईंना, आणि आज पोलिसांना. कोणी विचारलं नसतानाही सांगायचो, कारण एकच असल्याचा मला अभिमान होता.

"नक्की दोन?" मी विचारलं.

"घेणाऱ्याला माहीत असतं बाबा," ती म्हणाली. तिला माझ्या मास्तरांची गोष्ट पाठ होती. मीच सांगितली होती.

बुधवारी मी ठाण्यात गेलो. अधिकारी तोच, फोनवरच्या बाईही त्याच. मी म्हणालो, जबाबात एक दुरुस्ती करायची आहे. काही वेळा नव्हे, तीन वेळा. पहिला हातावर, दुसरा जबड्यावर. तिसरा तो खाली बसून डोक्यावर हात धरून होता तेव्हा. त्या वेळी मला त्याच्यापासून धोका नव्हता. मी घाबरलेला नव्हतो. मला मारायचं होतं.

बाईंनी ते भाषांतर करायला जरा वेळ घेतला. शेवटचं वाक्य त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग मी पाचव्या शिट्टीचंही सांगितलं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "हे लिहिलं की मला खोडता येणार नाही. कागद सरकारी वकिलाकडे जाईल."

"हो."

"तीन, हे नक्की? चार नाहीत?"

रविवारी मी नक्की म्हणालो असतो. "मला आठवतात ते तीन," मी म्हणालो. "मी देणारा होतो. त्याला विचारा."

त्याने माझ्या 'मी'च्या भाषेत तेच लिहिलं. मला आठवतात ते तीन. मी अंगठा दिला.

त्यानंतर अकरा आठवडे गेले. त्या काळात मी कुकर लावला नाही. डाळ रात्रभर भिजवून पातेल्यात शिजवली. एका हाताने सगळं करायला दुप्पट वेळ लागायचा. पलीकडून आवाज येत नव्हता. सकाळी सातला त्याच्या किल्लीचा आवाज यायचा आणि मी जागीच थांबायचो, हातातलं काम तसंच धरून. तोही पलीकडे तसाच थांबत असावा. एकदा आम्ही जिन्यात समोरासमोर आलो. त्याच्या डोक्यावर टाक्यांच्या जागी केस नव्हते. त्याचा हात झटकन वर आला, चेहऱ्यापुढे. मी काहीच केलं नव्हतं, फक्त दुसऱ्या हातात पिशवी घेतली होती. मी चार पायऱ्या खाली उतरून बाजूला उभा राहिलो, तो वर गेला.

दोन्ही बाजूंनी लेखी समझोता केला तर सरकारी वकील ते विचारात घेतात, म्हणून एप्रिलमध्ये इमारतीच्या कंपनीच्या कार्यालयात आम्हाला समोरासमोर बसवलं. माझ्या बाजूने ताई. मी तक्ता नेला नव्हता. तो टॉवेल नेला होता.

त्याने मात्र एक वही आणली होती. मोजताना इकडे पाच रेघांचं एक अक्षर काढतात, आपण चार उभ्या रेघा काढून पाचवी आडवी मारतो तसं. त्याच्या वहीत ऑक्टोबरपासून प्रत्येक दिवसापुढे चार रेघा होत्या, अक्षर अपुरं राहिलेलं. पान उलटलं की तेच. जानेवारीतल्या एका दिवसापुढे मात्र ते पूर्ण झालं होतं.

त्याने त्यावर बोट ठेवलं नाही. मीच ठेवलं.

"हे मुद्दाम," मी माझ्या जपानीत म्हणालो.

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर, रेघा सुरू व्हायच्या आधी, तीन नोंदी होत्या. ताईंनी वाचल्या. मंगळवार दुपार, बेल. बुधवार दुपार, बेल. शनिवार सकाळ, बेल.

मी टॉवेल टेबलावर ठेवला आणि ताईंनी त्याला सांगितलं की ती तीन वेळची बेल याच्यासाठी होती. त्याने कागदाच्या घडीकडे बराच वेळ पाहिलं. मग तो पहिल्यांदाच सलग बोलला आणि ताई मान खाली घालून मला सांगत गेल्या. "ते म्हणतात, रविवारी तुम्ही धातूचं जड भांडं घेऊन आलात, तेव्हा त्यांना वाटलं मारायलाच आलात. मग तुम्ही तोंडाने तो आवाज काढलात. चार महिने झोप नसलेल्या माणसासमोर. ते म्हणतात, तुमचा हात मोडल्याबद्दल त्यांना लाज वाटते. तो आवाज काढला नसतात तर दांडा घेतला नसता."

मी त्याला विचारलं, "मी किती मारले?"

ताईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण विचारलं.

त्याने उजव्या हाताची बोटं टाळूवर ठेवली. अंगठा आणि तर्जनी, दोन वेगवेगळ्या जागी. "डोक्यावर दोन," तो म्हणाला. "दुसऱ्याला टाके लागले नाहीत."

म्हणजे चार. मी समझोत्याच्या कागदावर ते लिहायला सांगितलं. कंपनीच्या माणसाने ताईंकडे पाहिलं, ताईंनी छताकडे, आणि मग त्याने लिहिलं. आम्ही दोघांनी सह्या केल्या, उभे राहिलो, वाकलो. त्याच्या पुढच्या दाताची जागा रिकामी दिसली. टॉवेल त्याने घेतला नाही. तो टेबलावरच राहिला, आणि आम्ही निघताना कंपनीच्या माणसाने उचलून खणात ठेवला.

खटला भरणार नाही असं पत्र मेमध्ये आलं, त्यालाही आणि मलाही. परवान्याच्या अर्जासोबत मी ते पत्र आणि समझोता दोन्ही जोडलं, काही न लपवता. ताई म्हणाल्या, आता हे कशाला जोडताय. मी म्हणालो, नंतर सापडण्यापेक्षा बरं. जुलैत नवं ओळखपत्र मिळालं, दोनऐवजी एका वर्षाचं. पदवीला तेवढं पुरत होतं. खिडकीवरच्या माणसाने कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी फोन केला. बायकोने देवापुढे साखर ठेवल्याचं सांगितलं आणि कुकर अजून ठेवलाय का ते विचारलं. ठेवलाय, मी म्हणालो, पण तळाबरोबर कडही वाकलीय, झाकण बसत नाही. मग फोन मुलीला द्यायला सांगितलं.

"अभिनंदन बाबा," ती म्हणाली.

"ते राहू दे. दुसरी कुठे लागली होती?"

तिला कसली ते विचारावं लागलं नाही. "कानामागे. मी पळायला वळले होते तेव्हा."

"बसली होतीस का?"

"नाही. पाठ होती तुमच्याकडे."

भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या दारात किल्ली फिरली. तो कामाला निघाला होता. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाईपर्यंत मी थांबलो.

"दोन," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.